बुटक्या, गिरमिट आणि तीनशे कलमा

मित्रांनो, मला एका जागी उभं राहवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आताही बघा ना. कामरगावच्या बबनरावांच्या वावरात, बांधाला लावून मला उभं केलंय आणि माझा जीव नुसता खालवर होतोय. डिझेल भरलंय, तेल बघून झालंय, चाकांत हवा आहे. मग वाट कसली बघायची? पण इथे एक नियम पडला आहे, आणि तो माझ्यामुळेच पडला आहे. कसा, ते तुम्हाला सांगतो. तेवढाच माझा वेळ जाईल.

मी जुना स्किड लोडर आहे. नाव जड वाटत असेल तर सोडून द्या, इकडे मला सगळे बुटक्याच म्हणतात. मोठ्या जेसीबीशेजारी उभा राहिलो तर मी तिच्या खांद्यालाही लागत नाही. पण अंगात रग आहे हो! एका बाजूची चाकं थांबवली आणि दुसऱ्या बाजूची फिरवली की मी जागच्या जागी गर्रकन वळतो. गोठ्यात, बोळात, दोन झाडांच्या मधल्या पट्टीत, जिथे मोठ्या यंत्राचं तोंडही शिरत नाही तिथे मी आरामात जातो.

आणि मला कायमचा असा हात नाही. पुढे दोन दांडे आहेत आणि त्यांच्या टोकाला एक लोखंडी पाटी. त्या पाटीला जे हत्यार अडकवाल तो माझा हात. बकेट लावा, मी माती उचलतो. काटे लावा, पोत्यांची थप्पी उचलतो. पंजा लावा, कापसाच्या उपटलेल्या पऱ्हाटीचे भारेच्या भारे धरून बांधावर टाकतो. सांगायचं काय, तर माझं काम चांगलं की वाईट हे निम्मं माझ्यावर नसतंच. हत्यार निवडणाऱ्यावर असतं.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पिवळाधमक होतो. पहिली चार वर्षं मोठ्या रस्त्याच्या कामावर गेली. दिवसभर खडी आणि मुरूम, संध्याकाळी गोल ब्रश लावून रस्ता झाडायचा. साहेब लोक म्हणायचे, छोटा आहे पण कामाचा आहे. मी फुगायचो. मग रस्ता झाला. मोठी यंत्रं ट्रेलरवर बसून दुसऱ्या जिल्ह्यात गेली आणि मला इकडच्या, वऱ्हाडातल्या मालेगावच्या बाहेर, पत्र्याच्या कुंपणाआड ढकलून दिलं. तीन पावसाळे मी तिथे काढले. बकेटमध्ये तरोटा उगवला. सीटच्या फोममध्ये सरड्यानं संसार थाटला. कुंपणापलीकडून ट्रॅक्टर गेला की मला वाटायचं, आपणही निघावं. पण किल्ली फिरवणारं कोणी नव्हतं.

मग एक दिवस राजपाल आला. रस्त्याच्या कामावर वर्षभर त्यानंच मला चालवलं होतं. त्या कामाआधी आणि नंतर, दर दसऱ्यानंतर तो बायकोला, निताला, घेऊन ऊसतोडीला जायचा. त्यांच्या तांड्यातली निम्मी घरं जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे एक कोयता म्हणतात. माणसं मोजायची नाहीत, कोयते मोजायचे. तर या कोयत्यानं ठरवलं की आता पुरे झालं, आपल्याच गावात राहून काम करायचं. मला कसं सोडवून आणलं ते त्या दोघांनाच माहीत. बॅटरी बदलली, तरोटा उपटला, सरड्याला हाकललं, आणि मी धूर सोडत तांड्यात शिरलो.

ऊसतोडीचा मुकादम खेमा, त्याच तांड्यातला. तो मला बघून पोट धरून हसला.

"काय बे राजपाल, कोयता सोडून हे डबडं धरलं का? धर बावा. गाडीत तुही जागा राखून ठेवतो मी. दसऱ्याले पाहू."

राजपालच्या आधी निता बोलली. घरात ती दोघं आपल्या बंजारा बोलीत, गोरमाटीत बोलतात, चारचौघांत वऱ्हाडीत. हे तिनं मुद्दाम वऱ्हाडीत सांगितलं, सगळ्यांना कळावं म्हणून.

"राखी चौथीत गेली. चार वर्सांत चार शाळा झाल्या तिच्या. यंदा दसऱ्याले मी गाडीत बसनार नाई. या बुटक्याले कसंबी चालवा."

आता सांगा, माझ्या डोक्यावर केवढा भार आला! एका पोरीची शाळा माझ्या चाकांवर. त्या दिवसापासून माझी घाई आणखी वाढली.

सुरुवातीला आमच्याकडे दोनच हत्यारं होती. एक दातांची बकेट, आणि एक सोंड, म्हणजे खोदायचा वाकडा हात. सोंड मालेगावहून माझ्याबरोबरच आली होती, गंजलेली. कामाला इतकी सावकाश की मला तिचा कंटाळा यायचा. राजपालनं ती घरामागे टाकली आणि तिच्या खोलगट तोंडात कोंबडी अंडी घालू लागली. मला बरंच वाटलं.

पण दातांची बकेट सगळीकडे चालत नाही. अनसिंगला एका गोदामात सोयाबीनचा ढीग हलवायचा होता. राजपालनं तीच बकेट ठेवली. पहिल्याच घासाला खालची ताडपत्री टर्रकन फाटली, दाणे फरशीच्या भेगांत गेले आणि व्यापाऱ्यानं असा काही आरडाओरडा केला की विचारू नका. परत येताना निता म्हणाली, "दातानं भाकर तोडा ना. दूध पेवाले दात कायले पाह्यजे?" मग बिनदातांची बकेट आली, शेणखतासाठी आणि धान्यासाठी. पुढे काटे आले, पंजा आला. हळूहळू राजपाल शिकला. काम सांगायला आलेल्या माणसाला तो आधी विचारायचा, काय उचलायचं, खाली काय आहे, वाट केवढी आहे. मीही शिकत होतो, पण खरं सांगू? मला विचारपूस नको असायची. चालू करा, निघू द्या, एवढंच माझं म्हणणं.

आणि मग गिरमिट आलं.

अहाहा! माणसाच्या कमरेइतकं उंच, पिळाचं, चकचकीत. जमिनीवर टेकवलं, फिरवलं की सर्रर्र करत खाली जायचं आणि गोल, गुळगुळीत भोक पाडून वर यायचं. मालेगावकडे एका शेताला तारेचं कुंपण करायचं होतं. मुरमाची जमीन. जेवणाच्या सुट्टीपर्यंत शंभर भोकं पाडली मी. खांब आत उभा केला की हलायचं नाव नाही. लोक मोबाइल काढून माझे व्हिडिओ करत होते. मित्रांनो, मी अगदी चढून गेलो. त्यानंतर दुसरं हत्यार लावलं की मला अंगात कसर असल्यासारखं वाटायचं.

त्यातला एक व्हिडिओ बबनरावांनी पाहिला. त्यांना तीन एकरांत संत्र्याची बाग लावायची होती. खड्डे खरं तर उन्हाळ्यात व्हायला हवे होते, म्हणजे ते उन्हात चांगले तापतात. पण वावरात उन्हाळी भुईमूग होता, तो निघायला उशीर झाला. तोवर दोन सरी पडून गेल्या. तिकडे नर्सरीतून तीनशे कलमा येऊन गोठ्याच्या सावलीत उभ्या. बबनरावांच्या बायकोला, मनकर्णाबाईंना, त्या कलमांचं असं काही वेड लागलं होतं की सकाळी उठून आधी त्यांच्यावर पाण्याचा हात फिरवायच्या, मग चहा. बबनरावांनी राजपालला फोन केला. "ते गिरमिटच घेऊन ये. बाकी काई आनू नको."

राजपालला दोन हत्यारं न्यायची सवय झाली होती. निता म्हणाली म्हणून त्यानं कोंबडीला उठवून सोंडही ट्रॉलीत टाकली. मी मनात म्हटलं, कशाला हे ओझं.

वावरात पोचलो. काळीभोर जमीन, चांगली खोल. निता वाकली, वरची ढेकळं बाजूला करून हातभर खालची माती काढली, मुठीत दाबली. गोळा झाला. बोटानं दाबून पाहिला. फुटला नाही, नुसता चपटा झाला. तोवर राजपालनं मला चालू केलं होतं.

"आवो, थांबा जराक," ती म्हणाली. "वापसा नाई अजून. वर सुकलं हाय, खाल्ती गारा, चिखल हाय. नाईतर सोंड लावा, कडा फाटू द्या!"

मी तिच्या जवळ होतो म्हणून मला कळलं. राजपाल वर बसला होता आणि मी गुरगुरत होतो. त्यानं कानामागे हात धरून विचारलं, काय? ती पुन्हा ओरडली. मी पुन्हा गुरगुरलो. तिसऱ्यांदा ती हात हलवत पुढे आली तर बबनराव म्हणाले, "बाजूले सर पोरी, लागन तुले." ती बाजूला झाली. माती झटकली आणि कलमांपाशी जाऊन बसली.

आता नवल ऐका. या मुलखातला माणूस वापसा झाल्याशिवाय, म्हणजे माती मुठीत फुटण्याइतकी ओल उतरल्याशिवाय, तिफण वावरात घालत नाही. पेरायचं म्हटलं की दहा जण दहा ठिकाणची माती मुठीत घेऊन बघतात, एकमेकांशी भांडतात. पण यंत्र आलं की कोणालाच वापसा आठवत नाही. यंत्राला काय वली अन् काय सुकी! बबनरावांना आठवला नाही, राजपालला आठवला नाही. आणि मला तर आठवूच द्यायचा नव्हता.

एका दिवसात तीनशे खड्डे! बबनराव रांगेच्या टोकाला उभे राहून एक डोळा मिटून बघत होते. "काय गोल पाडले बे! कंपासनं काढल्यावानी!" सडकेवरून जाणारे मोटारसायकली थांबवून बघत होते. दुसऱ्या दिवशी कलमा लागल्या. मनकर्णाबाईंनी प्रत्येकीपाशी बसून माती हातानं दाबली, लेकराशी बोलावं तसं बोलल्या. मी घरी गेलो तो छाती पुढे काढून.

दीड महिना झाला. बबनरावांच्या बागेची पानं पिवळी पडायला लागली. आधी पाच-दहा, मग रांगेच्या रांगा. मनकर्णाबाईंना वाटलं, पावसानं उघडीप दिली आहे, कलमांना तहान लागली असेल. त्या रोज घागरीनं पाणी घालू लागल्या. पानं आणखी पिवळी. बबनराव नर्सरीवाल्याला फोनवर नाही नाही ते बोलले. कोणी म्हटलं कलमाच रोगट, कोणी म्हटलं दिवस चुकला. आणि कोणीतरी म्हटलं, ते गिरमिट नाट लावतं. असं बोलणं पायी चालत नाही, उडत जातं. आमचं काम बंद पडलं. गणपती गेले, पोळा त्याआधीच गेला होता, आणि मी तांड्यात उभा. खेमा जाता-येता माझ्या टायरला लाथ मारून म्हणायचा, "जागा राखून हाय बरं का."

मला रात्रंदिवस एकच वाटायचं, चालू करा, कुठेतरी न्या. मग एका सकाळी निता राजपालला घेऊन मोटारसायकलवर बबनरावांच्या वावरात गेली. मी तिथे नव्हतो, पण परत आल्यावर तिनं ते ढेकूळ माझ्या पुढच्या पाटीवरच ठेवलं, म्हणून मला सगळं समजलं. मेलेली एक कलम तिनं उपसून पाहिली होती. आत बोटभर पाणी साचलेलं, सडका वास. आणि भिंतीचं ते ढेकूळ! एका बाजूनं खरखरीत, दुसऱ्या बाजूनं चोपडं, चमकणारं.

"माठ झाला खड्ड्याचा," निता म्हणाली. "गिरमिट फिरते तशी वली माती चोपडून जाते. मंग मुळी कुठून जाईन बाहीर? अन् पानी तरी कुठून जाईन?"

मी थिजलो, मित्रांनो. ज्या गुळगुळीतपणाचा मला एवढा तोरा होता, त्यानंच घात केला होता. खांबाला घट्ट भिंत लागते, कारण खांबाला वाढायचं नसतं. मुळाला फाटकी, भुसभुशीत भिंत लागते. इतकी साधी गोष्ट. ती सांगणारी बाई चार हातांवर उभी होती आणि मी तिच्या तोंडावर गुरगुरत होतो!

राजपालनं ढेकळाच्या चोपड्या बाजूवर अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाला, "पन बबनभाऊ तर नर्सरीवाल्यावर घेऊन राह्यले."

"म्हनून?" निता म्हणाली.

एवढंच. राजपालनं मान खाली घातली. गप्प बसला असता तर कोणाला कळलं नसतं. दोष नर्सरीवर गेला असता, नाटाचं बोलणं विरलं असतं, कामं परत आली असती. आणि सांगायला गेला तर? मग कोण बोलावणार? दसरा तीन आठवड्यांवर, राखीची सहामाही परीक्षा तोंडावर. मला वाटलं, नको सांगू. हो, मला असंच वाटलं. लपवून काय उपयोग.

तो गेला. आणि मला घेऊन गेला, ट्रॉलीवर चढवून, सोंड आणि दोन सब्बली घेऊन. बबनराव बांधावरच भेटले.

"भाऊ, कलम चांगली हाय. खड्डा खराब हाय," राजपाल म्हणाला. "अन् तो मी पाडला."

त्यानं ढेकूळ दाखवलं. बबनरावांनी ते उलटंपालटं केलं. चेहरा लालबुंद झाला.

"तुले मालूम होतं?"

"मले नाई. हिले होतं. हिनं सांगतलं, मले ऐकू नाई आलं."

"तीनदा सांगतलं," निता म्हणाली.

मनकर्णाबाईंच्या कडेवरची घागर तशीच राहिली. "माय माय! अन् मी रोज पानी टाकून राह्यली! माह्याच हातानं बुडवलं मी त्याइले!" त्या मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. माझं सगळं लोखंड त्या वेळी मला जड झालं.

बबनराव ओरडले, "निंघ! आधी हे डबडं घे माह्या वावरातून!"

"निंघ काय म्हनता?" मनकर्णाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "ज्याले चूक समजली तोच सुधरवीन ना. दुसऱ्या कोनाले बलावता आता? नर्सरीवाल्याले?"

बबनराव पाय आपटत विहिरीकडे निघून गेले. पण परत नको असं म्हणाले नाहीत.

उघडीप होतीच. निताच्या मुठीतला गोळा आता फुटत होता. ती आणि राजपाल एकेक कलम मातीच्या गड्ड्यासकट उचलून बाजूला ठेवायचे, सब्बलीनं खड्ड्याच्या भिंती फोडायचे, खरवडायचे, भुसभुशीत माती भरून कलम पुन्हा लावायचे. मनकर्णाबाई कलम धरायला. आणि मी? मला सोंड लावली होती. उताराच्या बाजूनं चर खोदायचा, म्हणजे साचलेलं पाणी निघून जाईल. सोंड आपली हळूहळू खायची, कडा फाडत, ओबडधोबड. कोणी व्हिडिओ काढला नाही. तिसऱ्या दिवशी बबनराव स्वतःच सब्बल घेऊन आले आणि पलीकडच्या रांगेला लागले.

सव्वाशे कलमा गेल्या. पावणेदोनशे जगल्या. मेलेल्या मी मोजल्या नाहीत, मनकर्णाबाईंनी मोजल्या.

खंडेनवमीला निता आमच्यापुढे हळदकुंकू घेऊन आली. आधी सोंडेला लावलं, मग सब्बलींना, बकेटींना. गिरमिटापाशी थबकली. मग त्यालाही लावलं. "त्याचा काय दोस," म्हणाली. "खांबाले तेच लागन." माझ्यापाशी आली तेव्हा मला वाटलं, मला काही म्हणेल. तिनं फक्त किल्लीवर बोट टेकवलं आणि राजपालकडे बघितलं. तो ओशाळून हसला.

दसऱ्यानंतर खेमाची गाडी आली. तांड्यातले कोयते चढले, भांडी चढली, शेळ्या चढल्या. तोवर आमच्याकडे सोंडेची दोन कामं लागली होती आणि शेणखताचं एक. कारण कामरगावच्या बाजारात बबनराव ज्याला त्याला सांगत सुटले होते. "नुकसान केलं लेकाच्यानं. पन घरी येऊन सांगतलं. आपल्यातले किती येतात, सांगा बरं?" खेमानं राजपालला हाक मारली. राजपालनं नुसता हात हलवला. गाडी गेली तेव्हा तिच्यात दोन माणसांची जागा मोकळी होती, आणि राखी दप्तर घेऊन उलट्या दिशेनं शाळेत चालली होती. मी त्या दिवशी किती शांत होतो, तुम्हाला सांगून पटणार नाही.

तर आज मी पुन्हा बबनरावांच्या वावरात आहे. होळी आठ दिवसांवर आली. मेलेल्या कलमांच्या जागी सव्वाशे खड्डे करायचे आहेत, म्हणजे पूर्ण उन्हाळा ते तापतील. ट्रॉलीत गिरमिटही आहे आणि सोंडही. आणि तो नियम असा, की हत्यार लावायच्या आधी राजपाल मला बंद करतो. पार बंद. मग सगळे निताच्या मुठीकडे बघतात.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्याहून नवी, माझ्याहून दांडगी यंत्रं येतील. जरूर वापरा. त्यांना तेल द्या, ऊनपावसात टाकू नका, आणि ज्या कामाला जे हत्यार तेच लावा. पण काम सुरू करण्याआधी एकदा किल्ली मागे फिरवा. ज्याचा हात मातीत गेला आहे, त्याला बोलू द्या. आम्हा यंत्रांना थांबता येत नाही, थांबवावं लागतं.

थांबा, ती वाकली. हातभर खालची माती काढली. बबनराव पुढे झुकलेत, मनकर्णाबाईंनी पदर दातात धरलाय. मूठ मिटली, उघडली. गोळ्यावर तिनं बोट टेकवलं आणि तो फुटून तिच्या तळहातावर पसरला.

"वापसा हाय. मुळीले सोंडच लावा," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू आलं.